कधीतरी मिळणारा दाणा

घरगुती छळाची बातमी आली की नाशकात, सिडकोच्या कट्ट्यापासून कॉलेज रोडच्या फ्लॅटपर्यंत, एकच शेरा ऐकू येतो: ‘एवढा त्रास होता तर सोडून का नाही गेली?’ पैसा, मुलं, माहेरचं ‘घे जुळवून’ ही कारणं आहेतच. त्यांच्याखाली एक यंत्रणा मात्र दिसत नाही.

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगात कबुतराने चकतीवर चोच मारली की दाणा मिळे. दरवेळी दाणा मिळणाऱ्या कबुतराचा पुरवठा तोडला, की ते लवकरच नाद सोडतं. पण दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी चाळिसाव्या, असा बेभरवशाचा येत असेल, तर पुरवठा तुटल्यावरही ते कितीतरी वेळ टोचत राहतं. हे खंडित प्रबलन, म्हणजे अधूनमधूनच मिळणारं बक्षीस. अपेक्षित बक्षिसाला मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाच्या पेशी फारसा प्रतिसाद देत नाहीत. अनपेक्षित बक्षीस मिळालं की त्यांचे संदेश एकदम वाढतात, आणि ठरलेलं बक्षीस चुकलं की नेहमीच्या पातळीखाली जातात.

कबुतरावरून थेट माणसावर उडी नको, हे खरं. पण डटन आणि पेंटर या संशोधकांनी १९९३ साली छळाच्या नात्यातून बाहेर पडलेल्या ७५ स्त्रियांचा अभ्यास मांडला. सहा महिन्यांनंतरही टिकलेल्या, त्या जोडीदाराच्या ओढीचा संबंध दोन गोष्टींशी दिसला: सत्तेतली तफावत, आणि चांगल्या-वाईट वागण्याची अनिश्चित आलटापालट. सोमवारी कानाखाली, गुरुवारी गंगापूर रोडला मिसळ, वर स्वतःच्या ताटातला पापड तिला. सततच्या क्रौर्यापेक्षा हा पापड जास्त बांधून ठेवतो.

मात्र दाणा देणारं दुसरं कुणी उरता कामा नये. म्हणून आईचा फोन स्पीकरवर, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात, सातपूरहून यायला उशीर झाला की झडती.

अशा बाईला ‘पत्रिकेत दोष आहे, त्र्यंबकला शांती कर’ सांगणारेही भेटतात. शांतीनंतर चार दिवस बरे गेले, की श्रेय पूजेला! १९४८ साली स्किनर यांनी ठरावीक वेळाने आपोआप दाणा दिला, तेव्हा त्या क्षणी योगायोगाने गिरकी घेत असलेलं कबुतर पुढे गिरक्याच घेत राहिलं.

२००५ चा घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायदा मानसिक आणि आर्थिक छळही मोजतो. वळ दाखवावे लागत नाहीत. घर सोडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. त्यामुळे ‘निघ आत्ताच’ म्हणण्याआधी तिची कागदपत्रं कुणाकडे ठेवायची ते ठरवावं, आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर तिने कुठल्या फोनवरून बोलायचं, तेही.