रील क्षमता

रील क्षमता म्हणजे गळाच्या रीलवर अमुक जाडीचा दोरा किती मीटर मावतो ते. स्पूलच्या, म्हणजे दोरा गुंडाळायच्या चक्रीच्या, कडेला ०.३०/२०० असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे ०.३० मिमीचा दोरा २०० मीटर. होडीतून हातदोरीने गरवणाऱ्या कोळ्याला याची गरज नाही, तो दोरा वावात, म्हणजे दोन हात पसरून, मोजतो आणि गुंडाळून ठेवतो. पण मढ-मार्वेच्या खडकांवर किंवा पवई तलावाला रील घेऊन बसणाऱ्याला छापलेल्यापेक्षा वेगळ्या जाडीचा दोरा भरायचा असला की गणित आलंच.

गणित सोपं आहे, फक्त लोक ते सरळ भागाकाराने करतात आणि तिथे फसतात. जागा खातं ते दोऱ्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, जाडी नाही, म्हणून जाडीचा वर्ग घ्यायचा. वरच्याच रीलवर ०.३५ चा दोरा भरायचा तर २०० ला ०.०९ ने गुणून ०.१२२५ ने भागायचं, येतात साधारण १४७ मीटर. सरळ भागाकाराने १७१ येतात, तेवढे भरायला गेलं तर दोरा स्पूलच्या काठावरून बाहेर येतो आणि पहिल्याच फेकीला गुंता. ०.४० ला ११२ मीटरच. जाडी दुप्पट तर लांबी पाव.

खरी भानगड जाडी मोजायच्या पद्धतीत आहे. मिमीत लिहिलेलं असेल तर ठीक, पण विणलेल्या दोऱ्यावर म्हणजे ब्रेडवर पीई (पॉलिथिलीन) १, पीई २ असे आकडे असतात, ते जपानी 'गो' मापाचे. हे माप मुळात जाडीचं नाहीच, वजनाचं आहे असं दिसतं. जपानात पूर्वी रेशीमकिड्याच्या ग्रंथीपासून ओढलेला तेगुसु नावाचा दोरा गळाला लावत, आणि त्याच्या ५ शाकु म्हणजे साधारण १.५ मीटर लांबीच्या वजनावरून नंबर द्यायचे, १ रिन वजन तो १ नंबर, असं सांगतात. पडताळून बघता येतं : आजच्या नायलॉनच्या १ गोची जाडी ०.१६५ मिमी धरतात, नायलॉनची घनता सुमारे १.१४, तेवढ्या लांबीचं वजन ०.०३७ ग्रॅम भरतं आणि १ रिन म्हणजे ०.०३७५ ग्रॅम. इतकं जुळणं योगायोग वाटत नाही.

आता आपला 'तंगूस'. नायलॉनच्या दोऱ्याला मुंबईत हा शब्द सर्रास चालतो आणि तो मराठी वळणाचा वाटत नाही. जपानी तेगुसुशी जवळीक उघड आहे, पण मलायात गळाच्या दोऱ्याला तांग्सी म्हणतात तेही तितकंच जवळचं. जपानी मालाबरोबर शब्द थेट आला असं मानता येतं, किंवा चिनी रेशमी दोऱ्याचा व्यापार ज्या ज्या बंदरांत पोचला तिथे तिथे एकाच मूळ शब्दाची वेगवेगळी रूपं उरली असं. समुद्री वाट बघता दुसरं जास्त पटतं, पण ठाम बोलू नये.

गो वजनावरून आल्याचा फायदा असा की एका लांबीचं वजन क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतं, म्हणून इथे वर्ग करायचाच नाही. पीई १.५ चे ३०० मीटर मावत असतील तर गुणाकार ४५०, त्याला हव्या त्या नंबराने भागायचं, पीई २ चे २२५, पीई ३ चे १५०. मिमीत हवं तर गोचं वर्गमूळ काढून ०.१६५ ने गुणायचं, पीई २ म्हणजे ०.२३. मात्र ब्रेडमध्ये धाग्यांमधे हवा असते, तो दाबून चपटा होतो, त्यामुळे हा मिमीचा आकडा नावापुरता. पीई १ साठी २०० डेनियर धरतात, म्हणजे ९००० मीटरचं वजन २०० ग्रॅम, तेवढं पॉलिथिलीन भरीव असतं तरी जाडी ०.१७ झाली असती. पौंडाचा आकडा तर ताकदीचा, त्यावरून क्षमता काढू नये.

छापील आकडाच नसेल तर स्पूल मोजायचं. बाहेरचा व्यास ४६, आतला ३२, रुंदी १८ मिमी धरली तर जागा होते सुमारे १५,४४० घन मिमी. ०.३० चा दोरा फेऱ्यावर फेरा चौकोनात बसला तर १७१ मीटर, खाचेत खाच अगदी घट्ट बसला तर १९८. खरा आकडा यांच्या मधे कुठेतरी, आणि तो हाताच्या ताणावर ठरतो, सैल भरलात तर आणखी कमी. बाहेरचा व्यास काठाचा धरू नये, दीड-दोन मिमी काठ मोकळा सोडून जिथवर दोरा येणार तिथला धरावा.

ब्रेड गुळगुळीत स्पूलवर नुसता बांधला तर अख्खा गोल फिरतो, म्हणून खाली थोडा तंगूस भरतात. तो किती, हे गणिताशिवायही कळतं : तसंच दुसरं स्पूल असेल तर त्यावर आधी ब्रेड, वरून काठापर्यंत तंगूस, आणि मग सगळं उलटं पहिल्या स्पूलवर.