डीअर्समध्ये नाव घातलं म्हणजे व्हीएला कळलं, असं नाही

अमेरिकी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस लग्न करतो, ओळखपत्राच्या कार्यालयात जाऊन बायकोचं नाव डीअर्समध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या नोंदीत, घालतो आणि व्हीएची (माजी सैनिकांच्या खात्याची) अपंगत्व-भरपाई आपोआप वाढेल म्हणून वाट पाहत बसतो. ती वाढत नाही. हा घोळ इतक्यांदा पाहिलाय की आता एकदाचं लिहूनच टाकतो.

डीअर्स ही संरक्षण खात्याची नोंद, ट्रायकेअर (लष्करी आरोग्य विमा) आणि ओळखपत्रं तिच्यावर चालतात. भरपाई देणारं व्हीए हे वेगळं खातं. तिथे २१-६८६सी हा अर्ज तुम्हीच भरायचा. अपंगत्वाचं एकत्रित रेटिंग, म्हणजे व्हीएने ठरवलेली टक्केवारी, किमान ३० टक्के असेल तरच कुटुंबासाठी जास्तीचे पैसे मिळतात.

माणसं खरी फसतात ती तारखेत. समजा लग्न १० मार्च २०२२ला झालं. वर्षाच्या आत व्हीएला कळवलं, तर वाढीव रक्कम १ एप्रिल २०२२पासून धरतात, मागची थकबाकीही मिळते. तेच जून २०२४मध्ये कळवलं, तर पैसे १ जुलै २०२४पासून. मधले २७ महिने गेले. लग्नाचा दाखला, डीअर्समधली जुनी नोंद, काहीही दाखवा, उपयोग नाही. लग्न आधीचं असेल आणि ३० टक्के रेटिंग नंतर मिळालं, तर निकालाच्या पत्रापासून वर्षाच्या आत कळवायचं.

घटस्फोटात हेच उलटं होतं आणि जास्त दुखतं. डीअर्समधून नाव निघालं तरी व्हीए पैसे देत राहतं, आणि चूक लक्षात आली की घटस्फोटापासूनची जादा रक्कम कर्ज म्हणून मागतं. दरमहाच्या भरपाईतून वळतीही करून घेतं. म्हणून घटस्फोट त्याच महिन्यात कळवा.

मुलांचं थोडक्यात. ट्रायकेअर २१पर्यंत चालतं म्हणून लोक निवांत असतात, पण व्हीए मुलाचं नाव १८व्या वर्षी काढतं. शिक्षण चालू असेल तर २१-६७४ भरून ते २३पर्यंत ठेवता येतं. मात्र त्याच मुलाने व्हीएचाच चॅप्टर ३५ हा शिक्षणभत्ता घेतला, तर दोन्ही एकदम मिळत नाहीत.

अर्ज ऑनलाइनच भरा आणि पोच जपून ठेवा. ‘फोनवर सांगितलं होतं’ यावर मी तरी विसंबणार नाही. आणि या अर्जासाठी कुणाला पैसे देऊ नका. माजी सैनिकांच्या मान्यताप्राप्त संघटनांचे प्रतिनिधी तो फुकट भरून देतात.