ट्रिम ड्रेसिंग की ट्रिम कोटिंग? दोन्ही बाटल्यांवर ‘रिस्टोरर’च लिहिलेलं असतं

गाडी धुतली की बंपर, वायपरखालची जाळी आणि चाकांवरची प्लास्टिकची कड (क्लॅडिंग) पाच मिनिटं मस्त काळं दिसतं. पाणी वाळलं की परत राखेसारखं पांढरट. ज्याची गाडी आठ-दहा वर्षं उन्हात उभी आहे त्याला हे नवीन नाही. पण बाजारातल्या दोन बाटल्यांमधला फरक याच पाच मिनिटांत दडलेला आहे.

हे भाग, म्हणजेच गाडीची ‘ट्रिम’, बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकचे असतात आणि त्यांना वरून रंग दिलेला नसतो. कार्बन ब्लॅकची, म्हणजे एक प्रकारच्या काजळीची, पूड प्लास्टिकमध्येच मिसळलेली असते. ऊन या काजळीचं फारसं काही बिघडवत नाही. बिघडतं तिच्याभोवतीचं प्लास्टिक. अतिनील किरणांनी वरच्या थरातल्या लांब साखळ्या तुटतात, बारीक भेगा पडतात, आणि अशा खरबरीत जागेवर प्रकाश विखुरला की डोळ्याला पांढरं दिसतं. भेगांत पाणी भरलं की विखुरणं कमी होतं. पॉलिश न केलेला कडाप्पा कोरडा असताना आणि ओला केल्यावर कसा दिसतो ते आठवा. काळा रंग खाली शाबूतच असतो.

ड्रेसिंग म्हणजे लवकर न वाळणारं पाणी, बस. त्यात मुख्यतः सिलिकॉनचं तेल असतं. पाण्यात घुसळलेलं असेल तर दुधासारखं पांढरं दिसतं, सॉल्व्हंटमधलं असेल तर पारदर्शक आणि तेलकट. डॅशबोर्ड पॉलिश, टायर पॉलिश ही याच घराण्यातली. फडक्याने लावलं की दोन मिनिटांत गाडी शोरूममधून आल्यासारखी. पण ते भेगांत नुसतं बसलेलं असतं, चिकटलेलं नसतं. दोन-चार धुण्यांत किंवा पहिल्या जोरदार पावसात निघून जातं, आणि तोवर रस्त्यावरची धूळ गोळा करतं. खोबरेल तेलाचा बोळा फिरवणारे काका हेच करतात, फक्त स्वस्तात.

कोटिंगही पातळच असतं आणि भेगांत भरतं, पण तिथेच घट्ट होतं. त्यात सिलिकॉनची रेझिनं किंवा ‘सिरॅमिक’ नावाने विकली जाणारी सिलिकायुक्त रसायनं असतात. ती काही तासांत सुकतात, पुरती पक्की व्हायला एक-दोन दिवस घेतात, आणि नंतर साबणाने निघत नाहीत. चांगलं लावलेलं कोटिंग कित्येक महिने टिकतं, काही वर्षभराहून जास्त.

पहिल्या दिवशी दोन्ही सारखीच दिसतात, फसगत होते ती इथेच. एका वॉशिंग सेंटरमध्ये मी ‘कोटिंग’चे पैसे मोजले, पंधरवड्याने क्लॅडिंगवर पांढरे ओघळ. बाटली मोठी असेल, हातमोज्यांचा उल्लेख नसेल, ‘लावा आणि निघा’ असं असेल, तर ते बहुधा ड्रेसिंग. छोटी बाटली, सोबत स्पंजचा ठोकळा, ‘24 तास पाणी लावू नका’ अशी ताकीद असेल, तर ते बहुधा कोटिंग. आधीच लावून झालं असेल तर फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एका कोपऱ्यात घासा. तेलकट थर फडक्यावर आला आणि खालून राखाडी दिसलं, की उत्तर मिळालं.

दोन्हींचा क्रमही महत्त्वाचा. कोटिंगवर ड्रेसिंग लावलं तर काही बिघडत नाही. ड्रेसिंगवर कोटिंग मात्र धरतच नाही, कारण सिलिकॉनच्या तेलावर ते चिकटणार कशाला? म्हणून कोटिंगचं खरं काम लावण्याआधीचं: ब्रश आणि क्लीनरने घासणं, धुणं, पूर्ण वाळवणं, अल्कोहोलने पुसणं. दाणेदार प्लास्टिकच्या खाचांत पाणी राहतं, तेव्हा घाई नको. काम सावलीत करावं, आणि छत नसेल तर जुलैत नकोच. कच्च्या थरावर पावसाचे थेंब पडले की डाग राहतात. घासताना एक गंमतही होते: कधीकधी पांढरेपणा ऊन लागल्याचा नसतोच, बॉडीवरचं वॅक्स खाचांत सुकलेलं असतं. ते जुन्या टूथब्रशने निघतं आणि बाटली उघडायची वेळच येत नाही.

माझं मत विचाराल तर वायपरखालची जाळी आणि रूफ रेल, म्हणजे जिथे ऊन सरळ पडतं, तिथे कोटिंगच. गाडी महिनाभरात विकायची असेल, किंवा दर रविवारी गाडीला हात लावल्याशिवाय चैन पडत नसेल, तर ड्रेसिंग पुरे. पण बंपरचा कोपरा रंगवून घ्यायचा असेल तर आसपास ड्रेसिंग लावू नका. लावलंच असेल तर पेंटरला आधी सांगा. सिलिकॉनचा अंश राहिला तर ताज्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात.

हीट गनने, म्हणजे गरम हवेच्या यंत्राने, पांढरं पडलेलं प्लास्टिक परत काळं करून दाखवणारे व्हिडिओ खोटे नसतात. पॉलिप्रॉपिलिन साधारण 160 अंशांच्या आसपास वितळतं. वरचा थर मऊ होऊन भेगा मिटतात आणि काळा रंग खरोखर परत दिसतो. मात्र नवं संरक्षण काहीच मिळत नाही, त्यामुळे ऊन पुन्हा पहिल्यापासून कामाला लागतं. शिवाय हात दोन सेकंद जास्त रेंगाळला की दाणेदार पोत सपाट होऊन तिथे चकचकीत चट्टा उरतो. त्यावर ना ड्रेसिंगचा उपाय, ना कोटिंगचा.