उन्हाळ्याची बाजू, हिवाळ्याची बाजू

इराणमधल्या काशान आणि यझ्द इथल्या जुन्या घरांत झोपायची खोली वेगळी आणि बसायची वेगळी, असा हिशेब फारसा नव्हता. खोलीची ओळख तिच्या दारांवरून. अंगणाकडे पाच उंच दारं असतील तर पंजदरी, तीन असतील तर सेदरी. कुठल्या खोलीत राहायचं हे ऋतू ठरवायचा. वर्षातून दोनदा अख्खं कुटुंब गाद्या, गालिचे, भांडीकुंडी उचलून अंगणाच्या एका बाजूकडून दुसरीकडे बिऱ्हाड हलवायचं. माझ्या मते या वास्तुकलेचा गाभा इथेच आहे.

काशान ३४ अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरात भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२-३३ अंशांवर असतो, तर जूनमध्ये जवळपास ८० अंशांवर, म्हणजे डोक्यावर. त्यामुळे अंगणाच्या उत्तरेकडच्या, दक्षिणेला तोंड असलेल्या खोल्यांत हिवाळ्याचं तिरपं ऊन आतपर्यंत शिरतं. ही हिवाळ्याची बाजू. समोरच्या, उत्तरेला तोंड असलेल्या दालनांत ऊन जवळजवळ येतच नाही. ती उन्हाळ्याची. तीच सहसा जास्त उंच, जास्त ऐसपैस, कारण इथला खरा शत्रू उन्हाळा. कडाक्याच्या थंडीत निखाऱ्यांच्या शेगडीवर बुटकं मेज ठेवायचं, त्यावर मोठी दुलई पसरायची आणि सगळ्यांनी तिच्याखाली पाय घालून बसायचं. याला कुर्सी म्हणतात. सगळी खोली तापवण्यापेक्षा फक्त माणसं ऊबदार ठेवायची!

भिंती कच्च्या विटांच्या, वरून माती आणि भुशाचा गिलावा. अर्धा मीटर जाडीच्या अशा भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचायला दहा तासांहून जास्त वेळ लागतो. तोवर रात्र झालेली असते, आणि माणसं गच्चीवर झोपायला गेलेली असतात.

छपरावर बादगीर, म्हणजे वारा धरणारा मनोरा. आतून उभ्या पडद्यांनी त्याचे कप्पे केलेले असतात. वाऱ्याच्या बाजूच्या कप्प्यातून हवा खाली ढकलली जाते, उलट बाजूला दाब कमी असल्याने घरातली हवा वर खेचली जाते. वारा पडलेला असेल तेव्हा उन्हाने तापलेल्या मनोऱ्यातली हलकी हवा वर निघून जाते आणि तळघरातली गार हवा तिची जागा घेते. यझ्दच्या दौलताबाद बागेतला अष्टकोनी बादगीर सुमारे ३३ मीटर उंच आहे.

बऱ्याच ठिकाणी ही हवा खाली उतरते ती पाण्याच्या हौदावर. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता खेचली जाते. हिशेब केला तर दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, चार मीटर उंच दालनातली हवा दहा अंशांनी उतरवायला एवढं पुरेसं आहे. नागपूरचा वाळ्याचा कूलर याच तत्त्वावर चालतो. हवा कोरडी हवी, एवढीच अट. मुंबईच्या दमट हवेत हा हौद काही कामाचा नाही. हे पाणी अनेकदा कनातीतून, म्हणजे डोंगरपायथ्यापासून खोदत आणलेल्या भूमिगत कालव्यातून येई. कनात खोल असल्यामुळे काही घरांत बागच जमिनीखाली उतरवलेली दिसते.

रस्त्यावरून यातलं काहीच दिसत नाही. उंच कोरी भिंत आणि एक लाकडी दार. दाराला दोन कड्या: पुरुषांसाठी जड ठोकळा, बायकांसाठी हलकं वर्तुळ. आवाजावरून आतल्यांना कळायचं की दार कोणी उघडायचं. दारातून आत आलं की हश्ती, बहुधा अष्टकोनी देवडी, आणि तिथून वळणावळणाचा बोळ. त्यामुळे दार सताड उघडं असलं तरी अंगण नजरेस पडत नाही. पाहुण्यांचा भाग बिरूनी, घरच्यांचा अंदरूनी. काशानचं १८५७ च्या सुमारास बांधलेलं बोरूजर्दी कुटुंबाचं घर पाहिलं तर ही सगळी रचना एका जागी समजते. ते उस्ताद अली मरियम या वास्तुकाराचं काम.

पण हा गारवा सर्वांच्या वाट्याला आला नव्हता. यझ्दमधल्या झरथोस्ती कुटुंबांना एकोणिसाव्या शतकात उंच घरं आणि बादगीर बांधायची मनाई होती. आपल्याकडच्या अनेक इराणी हॉटेलवाल्यांचे पूर्वज याच भागातून आले. १८५४ साली मुंबईच्या पारशी समाजाने माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणला धाडलं आणि त्यांच्या चिकाटीमुळे १८८२ मध्ये जिझिया कर रद्द झाला. घरांवरचे निर्बंध सैल व्हायला मात्र त्यानंतरही बरीच वर्षं गेली.