भावासाठी धरलेलं पिस्तूल : 'परिंदा'ची पार्श्वभूमी

विधू विनोद चोप्रा यांचा 'परिंदा' नोव्हेंबर 1989 मध्ये प्रदर्शित झाला. गोष्ट साधी आहे. आईबापाविना रस्त्यावर वाढलेला किशन धाकट्या करणच्या पोटापाण्यासाठी आणि शिक्षणासाठी अण्णा सेठच्या टोळीत जातो. करण अमेरिकेतून शिकून परततो आणि त्याचा लहानपणापासूनचा जिवलग मित्र, इन्स्पेक्टर प्रकाश, त्याच्या डोळ्यांदेखत मारला जातो. मारणारी माणसं अण्णाची. करणचं जिच्यावर प्रेम आहे ती पारो, प्रकाशची बहीण. आता सूड घ्यायचा तर सख्ख्या भावाच्या मालकावर घ्यायचा.

ही गोष्ट मुंबईतच घडू शकत होती, याला कारण आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर शहरात हातभट्टीचा धंदा फोफावला. पुढे सोन्यावर निर्बंध आले आणि गोदीतून चोरटं सोनं उतरवणाऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागला. हाजी मस्तान, करीम लाला, वरदराजन ही नावं घरोघरी माहीत झाली ती याच काळात. 1975 च्या 'दीवार'मधला गोदी कामगार विजय मस्तानवर बेतलेला आहे, असं तेव्हापासून बोललं जातं. त्या विजयला पोलीस असलेला भाऊ होता, आई होती आणि कायदा कोणत्या बाजूला उभा आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. दोन भावांपैकी एक वर्दीत आणि एक कायद्याबाहेर, ही मांडणी हिंदी सिनेमाने 1961 च्या 'गंगा जमुना'पासूनच आपलीशी केलेली.

ऐंशीच्या दशकात शहर बदललं. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. लालबाग-परळच्या चाळींतल्या चुली थंडावल्या, बायकांनी डबे करून, भाजी विकून घरं चालवली, आणि कामधंदा नसलेली काही पोरं टोळ्यांच्या हाती लागली. त्यांच्याबद्दल फक्त गुन्हेगार म्हणून बोलणं मला आजही जमत नाही. घरात थोरला असणं म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलंय त्याला किशन समजावून सांगावा लागत नाही.

त्याच सुमारास टोळ्यांमधलं वैर घराण्यांचं झालं. 1981 मध्ये प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर दाऊदचा थोरला भाऊ शब्बीर इब्राहिम मारला गेला. त्याच्या खुनातला आरोपी अमीरजादा याला 1983 मध्ये भर न्यायालयात गोळी घातली गेली. भावाच्या बदल्यात माणूस, हा हिशेब पडद्यावर येण्याआधी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला होता.

'परिंदा'ने हे सगळं जवळून पाहिलं. प्रकाशला गोळ्या लागतात तेव्हा कबुतरांचा थवाच्या थवा फडफडत उठतो आणि त्या आवाजात करणची किंकाळी बुडते. रेणू सलूजा यांच्या संकलनाला या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे एकच दृश्य पाहिलं तरी तो का मिळाला ते कळतं. त्या आणि चोप्रा, दोघेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे. छायाचित्रण बिनोद प्रधान यांचं, संगीत आर. डी. बर्मन यांचं. 'तुमसे मिलके' हे गाणं आपल्या सुरेश वाडकरांनी आशाबाईंबरोबर गायलं. एवढ्या रक्तपातात ते गाणं किती कोवळं वाटतं!

आणि अण्णा. मुरूडच्या नाना पाटेकरांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधीच्या खलनायकांचे अड्डे चकचकीत असायचे, अण्णा बसतो तो तेलाच्या कारखान्यात. बायको-मुलाला त्याने स्वतः जाळलंय आणि म्हणून काडी पेटली तरी हा माणूस थरथरतो. कुटुंबासाठी गुन्हेगार झालेला किशन आणि कुटुंब संपवून बसलेला अण्णा समोरासमोर आले की नानांची नजर स्थिर राहत नाही. ते भय बघताना आपलाही घसा कोरडा पडतो.

पुढे 1998 मध्ये 'सत्या' आला, 1999 मध्ये महेश मांजरेकरांचा 'वास्तव', आणि त्या वाटेवर वर्दळ झाली. 2015 मध्ये चोप्रांनी ही गोष्ट अमेरिका-मेक्सिको सीमेवर नेऊन 'ब्रोकन हॉर्सेस' या नावाने इंग्रजीत केली. भाऊ होते, सूडही होता. पण ज्या शहराने किशनला घडवलं ते मागेच राहिलं, आणि त्यामुळे त्या भावाची तगमग मला उसनी वाटली.

मूळ चित्रपटात करण शेवटी पारोशी लग्न करतो. त्याच रात्री, समुद्रात उभ्या बोटीवर, अण्णा दोघांनाही गोळ्या घालतो. ज्याला या धंद्यापासून लांब ठेवण्यासाठी आयुष्य घातलं, त्याचं कलेवर किशनला पाहावं लागतं. मग तो अण्णाकडे जातो आणि आग लावतो.