बॉम जेजूची लाल भिंत

जुन्या गोव्यातल्या बॅसिलिका ऑफ बॉम जेजूचा फोटो आठवा. लालसर, खडबडीत, उघड्या चिऱ्यांची भिंत. पण बांधणाऱ्यांच्या मनातलं चर्च असं नव्हतं. १५९४ मध्ये पायाभरणी आणि १६०५ मध्ये अभिषेक झालेल्या या वास्तूच्या भिंतींना बाहेरून चुन्याचा गिलावा होता. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात, १९५० च्या दशकात, तो उतरवला गेला. उघडा दगड जास्त ‘प्राचीन’ दिसतो, ही त्या काळची आवड. फोटोला ती भिंत छान दिसते, हे मान्य. पण दगडाला विचाराल तर उत्तर वेगळं येईल.

हा दगड म्हणजे जांभा. कोकणात घर बांधलेल्या कुणालाही चिरा समजावून सांगायला नको. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं त्यात भरपूर, रंग लोहाचा. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, म्हणून सहज कापता येतो आणि हवा लागली की टणक होतो. मात्र तो पोकळ्यांनी भरलेला असतो आणि त्या पोकळ्यांत चिकणमाती. पावसाचा थेट मारा वर्षानुवर्षं बसला की ती माती धुऊन जाते, भोकं मोठी होतात आणि चिरा पिठूळ होऊ लागतो.

गिलावा असतो तो हा मारा स्वतःच्या अंगावर घ्यायला. चुनखडी किंवा शिंपले भाजून कळीचा चुना करायचा, तो पाण्यात विरवायचा, वाळूत कालवून भिंतीला लावायचा. मग तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे जवळजवळ मूळ शिंपलाच. या थरातून आत शिरलेली ओल वाफ होऊन बाहेर पडू शकते. सिमेंट लावलं तर ओल आतच कोंडते, म्हणून जुन्या भिंतीला सिमेंट हा उपाय नव्हे. गिलावा झिजतो, पडतो, पुन्हा करावा लागतो. त्याचं कामच ते. बॉम जेजूला तो परत चढवावा का, यावर गोव्यात वाद आहे. माझं मत चुन्याच्या बाजूने.

जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही, कडा झडतात. म्हणून दर्शनी भागातले अर्धस्तंभ आणि कोरीवकाम काळ्या दगडातलं, तेही थेट वसईहून आणलेल्या बेसाल्टचं. एकेका मजल्यावर ग्रीक-रोमन स्तंभांची शैली बदलत जाते. वरच्या चौकटीत आय-एच-एस ही अक्षरं आहेत: येशूच्या ग्रीक नावातली पहिली तीन, जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाची खूण.

गोव्यातल्या जुन्या चर्चांच्या आणि घरांच्या खिडक्यांत काचेच्या जागी शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले दिसतात. हा प्लाकुना प्लासेंटा नावाचा चपटा शिंपला. तोही कॅल्शियम कार्बोनेटच, पण कॅल्साइटचे पातळ थर एकावर एक इतके नीट रचलेले, की बराचसा प्रकाश पार जातो. पलीकडचं मात्र स्पष्ट दिसत नाही आणि उन्हाचा चटका बोथट होऊन आत येतो. काच सातासमुद्रापार, शिंपला खाडीत; निवड सोपी होती.

आत शिरल्यावर नजर सोनेरी वेदीवरच जाते. सोनं वरवरचंच: खाली कोरलेलं लाकूड, वर वर्ख. मध्यभागी जेझुइटांचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ती आणि तिच्या पायाशी अगदी लहानसा बाळ येशू, ज्याच्या नावाचं हे चर्च. प्रमाणांचा हा उलटा हिशेब मला आजही खटकतो. बाजूला सेंट फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. तिचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचे शिल्पकार फोजिनी यांचा, टस्कनीचे ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरे यांनी पाठवलेला, १६९८ मध्ये बसवलेला. गर्दीतले बहुतेक जण पाहतात ती त्याच्यावरची चांदीची पेटी. ती सुमारे साठ वर्षं आधीची, गोव्याच्याच सोनारांनी घडवलेली.