माइकच्या पाठीला भोकं का असतात?

आमच्या इंदिरानगरातल्या मारुती मंदिरात मध्यंतरी हरिनाम सप्ताह होता. काल्याच्या कीर्तनात बुवा रंगात आले आणि अभंगाचा चरण वर नेता नेता त्यांनी माइकची जाळीच मुठीत पकडली. त्यासरशी भोंग्यातून अशी काही ‘कुऽऽई’ निघाली की टाळकऱ्यांनी टाळ सोडून कान धरले. साउंडवाला पोरगा धावत आला, बटणं खाली केली आणि हात जोडून म्हणाला, “माउली, खालून धरा, दांडीला.” माझ्या मागे बसलेल्या गृहस्थांनी तोवर निदान करून टाकलं होतं : “माइकच हलका आहे हो. चायनाचा.”

माइकचा काही दोष नव्हता. बुवांच्या मुठीत त्याची मागची भोकं झाकली गेली होती, एवढंच.

त्याच आठवड्यात शेजारची मुलगी घरी आली. ती सतार शिकते. मिरजेहून नवी सतार आणलीय आणि परगावच्या गुरुजींना दर रविवारी रियाज रेकॉर्ड करून पाठवायचा असतो. “काका, पाच हजारांत कुठला माइक घेऊ?” तिच्या मोबाइलवर तीन-चार जाहिराती उघड्या होत्या. एकात ‘कार्डिऑइड’ लिहिलेलं, दुसऱ्यात ‘सोन्याचा मुलामा दिलेला डायफ्रॅम’, तिसऱ्यात नुसतंच ‘स्टुडिओ क्वालिटी’. मी तिला म्हटलं, आधी बुवांची शिट्टी समजून घे, मग माइकचं बघू.

शाळेत शिकलेलं थोडं आठवा. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातले बारीक चढउतार. माइकमध्ये एक पातळ पडदा, म्हणजेच डायफ्रॅम, असतो (सतारीलाही पडदे असतात, पण ते वेगळे), तो या चढउतारांनी हलतो आणि त्या हलण्याची वीज होते. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवून ते चुंबकात हलवतात. कंडेन्सर माइकमध्ये पडदा आणि मागची पट्टी मिळून विद्युतभार साठवतात. हा भार बाहेरून पुरवावा लागायचा. १९६२ साली बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी कायमचा भार धरून ठेवणारा प्लास्टिकचा पडदा वापरला, त्याचं नाव इलेक्ट्रेट. माइक स्वस्त झाला तो तिथून. शर्टाला लावायचा कॉलर माइक याच जातीचा.

आता माझ्या आवडीचा भाग.

पडद्याची मागची बाजू डबीसारखी बंद करून टाकली, तर पडद्याला फक्त पुढच्या हवेचा दाब कळतो. आणि दाबाला दिशा नसते. ध्वनी पुढून येवो, मागून येवो, दाब वाढला की पडदा आत जाणार. असा माइक चहूबाजूंनी सारखंच ऐकतो. मग ‘फक्त समोरचं ऐक, मागचं नको’ हे त्याला शिकवायचं कसं? पडदा तर एकच, त्याला ना मान ना कान.

युक्ती अशी : मागची डबी उघडायची, पण पूर्ण नाही. तिला काही भोकं ठेवायची आणि भोकांच्या आत कापड किंवा फेल्ट बसवायचं, म्हणजे ध्वनीला पडद्याच्या पाठीपर्यंत पोचायला उशीर लागेल. नेमका किती उशीर? समजा, माइकच्या तोंडापासून मागच्या भोकांपर्यंत बाहेरून अंतर १ सेंटीमीटर आहे. २० अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे हे अंतर कापायला त्याला २९ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखावे भाग) लागतात. आतल्या कापडानेही बरोबर २९ मायक्रोसेकंदांचाच उशीर करायचा.

आता मागून, भोंग्याकडून, ध्वनी आला. तो आधी भोकांपाशी पोचला आणि कापडात २९ मायक्रोसेकंद अडकला. तेवढ्याच वेळात बाहेरून जाणारी त्याची दुसरी वाट १ सेंटीमीटर चालून पडद्याच्या तोंडाशी आली. दोन्ही एकाच क्षणी, सारख्याच जोराने पडद्यावर. दाराला दोन बाजूंनी दोन माणसं एकाच वेळी सारखं रेटत असतील तर दार जागचं हलत नाही. पडदाही हलत नाही. समोरून आलेल्या ध्वनीचं उलट. तो तोंडाशी लगेच पोचतो, पाठीशी मात्र २९ अधिक २९, म्हणजे ५८ मायक्रोसेकंद उशिरा. दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि पडदा हलतो. कुठल्या दिशेचा आवाज किती ऐकू येतो याचा आलेख काढला तर तो बदामाच्या आकाराचा येतो, म्हणून नाव कार्डिऑइड, हृदयासारखा.

पूर्वी हे साधायला दोन वेगळ्या जातींची यंत्रणा एकाच पेटीत कोंबत. एकाच पडद्यावर हे जमवलं शूर कंपनीच्या बेंजामिन बाऊर या तरुण इंजिनिअरने, आणि १९३९ साली त्यातून युनिडाइन हा माइक आला. कापडाच्या तुकड्याने दिशा ओळखायची! मला याचं अजूनही कौतुक वाटतं.

बुवांनी मुठीत धरली ती हीच मागची वाट. वाट बंद झाली की कार्डिऑइड माइक पुन्हा चहूबाजूंनी ऐकणारा होतो. मागचा भोंगा त्याला ऐकू येऊ लागतो, तो ते ॲम्प्लिफायरला सांगतो, ॲम्प्लिफायर भोंग्याला, भोंगा पुन्हा माइकला. शिट्टी.

पण या युक्तीची किंमत मोजावी लागते, आणि सतारवाल्यांनी ती ओळखली पाहिजे. (पुढच्या परिच्छेदात थोडं गणित आहे. कंटाळा असेल तर सोडून पुढे गेलात तरी चालेल.)

असा माइक दाब मोजत नाही, दोन बाजूंच्या दाबांतला फरक मोजतो. ५,००० हर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम ७ सेंटीमीटर. १ सेंटीमीटर बाहेरची वाट आणि तेवढाच आतला उशीर मिळून २ सेंटीमीटरचं अंतर धरलं, तर ३६० अंशांच्या चक्रातले शंभरावर अंश होतात. फरक भरपूर. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी ३.४३ मीटर, तिच्यात तेच २ सेंटीमीटर म्हणजे फक्त २ अंश. फरक नगण्य. खर्जात एकेक सप्तक खाली उतराल तसा हा फरक निम्मा होत जातो. म्हणून माइक बनवणारा पडद्याचा ताण, वजन आणि आतला हवेचा अडथळा असा जुळवतो की खर्जाला भरपाई मिळावी. मात्र हा हिशेब दूरच्या आवाजासाठी असतो. वाद्य अगदी जवळ आलं की वेगळीच गोष्ट घडते. ध्वनीचा दाब अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. उगम १ मीटरवर असेल तर आणखी १ सेंटीमीटर मागे दाब एका टक्क्याने कमी. उगम ४ सेंटीमीटरवर असेल तर ५ सेंटीमीटरवर दाब २० टक्क्यांनी कमी. हा फरक खर्जाला आणि तारसप्तकाला सारखाच पडतो. खर्जाला आधीच भरपाई दिलेली, त्यात हे दान वरून. खर्ज फुगतो.

माइकला ओठ लावून बोललं की फाटका आवाजही भारदस्त वाटतो, तो यामुळेच. गाणाऱ्याला हे सोयीचं आहे. सतारीला नाही. खोलीचा घुम नको म्हणून तुम्ही कार्डिऑइड माइक तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीला, चिकटवता, आणि खर्जाच्या तारा डब्यात वाजल्यासारख्या येतात, जवारीची (तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याची) झिणझिण त्यात बुडते. डग्ग्याचं तर विचारूच नका.

मागून बंद असलेल्या, चहूबाजूंनी ऐकणाऱ्या माइकला हा आजार नाही. तो कितीही जवळ न्या, खर्ज आहे तेवढाच येतो. तो घुम जास्त पकडतो हे खरं, पण त्याचाही हिशेब आहे : सारखाच घुम येण्यासाठी कार्डिऑइड १.७ पट लांब ठेवता येतो, बस. म्हणजे ३० सेंटीमीटरवरचा साधा कॉलर माइक आणि ५० सेंटीमीटरवरचा कार्डिऑइड या बाबतीत सारखेच. ज्याला जवळ न्यायला भीती नाही, त्याला दिशेची चैन कशाला? म्हणून हजारभर रुपयांचा तारेचा कॉलर माइक घरच्या वाद्यासाठी महागड्या दिसणाऱ्या ‘स्टुडिओ’ माइकपेक्षा प्रामाणिक ठरू शकतो, असं माझं मत आहे. दुकानदाराला ते आवडणार नाही.

दिसण्यावरून आठवलं. मी एकदा ऑनलाइन एक स्वस्त कंडेन्सर माइक मागवला होता. जाळी मुठीएवढी, रुबाब रेकॉर्डिंग स्टुडिओचा. उघडून पाहिला तर आत रुपयाच्या नाण्याहून लहान इलेक्ट्रेटची टिकली, बाकी सगळी पोकळी. सोन्याच्या मुलाम्याचंही तेच. कंडेन्सरचा पडदा प्लास्टिकचा, काही मायक्रॉन जाडीचा असतो. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही म्हणून त्याच्यावर धातूचा थर देतात. सोनं गंजत नाही आणि सहज बसतं, म्हणून सोनं. तो थर नॅनोमीटरांत मोजायचा. सराफ बाजारात नेलात तर काटा हलायचा नाही, आणि सुरातही त्याने गोडवा येत नाही. आपल्याकडे सोनं म्हटलं की गुण चिकटलेच.

मुलीची खोली पाहायला गेलो. दहा बाय दहा, छतही जवळजवळ दहा फुटांवर. यापेक्षा वाईट आकार शोधून सापडणार नाही, कारण लांबी, रुंदी, उंची तिन्हींत एकच स्थायी लहर (भिंतींमध्ये जागच्या जागी उभी राहणारी) बसते, सुमारे ५६ हर्ट्झची, आणि तिची दुप्पट-तिप्पट. तिच्या भावाने भिंतीला अंड्यांचे ट्रे लावायचं ठरवलं होतं. ५६ हर्ट्झची लहर ६ मीटर लांब, ट्रे ५ सेंटीमीटर खोल. हत्तीपुढे मच्छरदाणी. शिवाय कागदाचा लगदा पेट घेतो, ते वेगळंच.

खरा उपद्रव जमिनीचा होता. आपण खाली बसून वाजवतो, आणि तिच्या खोलीत गुळगुळीत टाइल्स. घोडी जमिनीपासून २५ सेंटीमीटर, माइक तेवढ्याच उंचीवर ३० सेंटीमीटर लांब. सरळ येणारा ध्वनी ३० सेंटीमीटर चालतो, जमिनीवर आपटून येणारा ५८. हा २८ सेंटीमीटरचा फरक ६०० हर्ट्झच्या आसपास दोन्ही लहरींना एकमेकींविरुद्ध उभा करतो, मग पुन्हा १,८०० ला. तिथे आवाजात खळगे पडतात आणि सतार पत्र्याची वाटते. आजीची जाड गोधडी चार घड्या घालून माइक आणि सतार यांच्या मधे टाकली. १,८०० चा खळगा बराच भरला, ६०० चा थोडाफार. खर्च शून्य. सतार कोपऱ्यातून काढून खोलीच्या मध्यापासून जरा बाजूला घेतली.

माइक रोखायचा कुठे? जवारीच्या अगदी समोर रोखला तर नखीची टकटक जास्त येते. घोडी आणि पहिल्या पडद्यांच्या मधोमध, थोडा वरून, बरा. बासरी असेल तर फुंकेच्या रेषेत माइक कधीच नको. पेटीला भात्याची धाप टाळा.

कॉलर माइकचीही एक खोड आहे, तीही सांगायला हवी. हवेचे रेणू पडद्यावर सतत आदळत असतात, आणि आतला छोटा ॲम्प्लिफायरही स्वतःची सरसर मिसळतो. पडदा मोठा असला की या टकरींची सरासरी निघते, लहान असला की त्या उरतात. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी २०२० ची ही स्वतःची सरसर २० डेसिबल, रोडच्या एनटी-१ ची ४-५ च्या घरात. लहान टिकल्या याहून बऱ्याच गोंगाटी. ३० सेंटीमीटरवरच्या सतारीत ते लपून जातं. नुसता तानपुरा विरताना रेकॉर्ड करायचा असेल तर नाही लपणार, तिथे पैसे घालावेत. आणि नाशिक ढोल असेल तर कंडेन्सर घरीच ठेवा, जुना डायनॅमिक माइक घ्या. शूरचा एसएम ५७ हा १९६५ पासून असली धुलाई सोसतोय.

पिन मात्र बघून घ्या : तीन काळ्या कड्यांची मोबाइलला, दोन कड्यांची कॅमेऱ्याला. मोबाइलमध्ये आवाज आपोआप ‘स्वच्छ’ करणारी सोय असते ती बंद करा. तिला तरफांचा (मुख्य तारांखालच्या, आपोआप गुंजणाऱ्या तारांचा) विरत जाणारा नाद कचरा वाटतो आणि ती तो झाडून टाकते.

रविवारी सकाळी सहाला तिने भैरवी रेकॉर्ड केली. पाच हजारांतले चार हजार शिल्लक राहिले, त्यातून आणखी एक गोधडी नको म्हणून सतरंजी आली. तिसऱ्या टेकमध्ये शेजारच्या कुकरची शिट्टी स्वच्छ ऐकू येते. चहूबाजूंनी ऐकणारा माइक, त्याला आपलं-परकं नाही. तिने ते तसंच पाठवून दिलं. संध्याकाळी गुरुजींचं उत्तर आलं : “कुकर सुरात आहे. तुझा कोमल निषाद उतरलाय.”